सव्वातीन टनांच्या पडावासाठी मशीन आणि पंखा निवडताना

जैतापूरच्या खाडीत आमच्या घरचा एक जुना लाकडी पडाव अजून कामात आहे. टोकापासून टोकापर्यंत तो २८ फूट भरतो, पाण्याच्या रेषेवर मोजला तर २५ फूट, पाण्याशी रुंदी साधारण २ मीटर, आणि त्याची दोन्ही टोके निमुळती आहेत. चिरे, कौले, सिमेंट, बांबू आणि हंगामात आंब्याच्या पेट्या असा माल त्यातून या काठाचा त्या काठाला जातो. घाई कुणालाच नसते. माल कोरडा पोहोचावा आणि ओहोटी लागण्याआधी पडाव रिकामा व्हावा, एवढीच अपेक्षा असते. अनेक वर्षे त्याच्या पोटात एका सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. खाऱ्या पाण्याने त्याचा ब्लॉक आतून खाऊन टाकला आणि शाफ्ट बाहेर पडतो त्या नळीभोवतीचे लाकूडही मऊ पडले, तेव्हा मागे बाहेरून टांगायचे मशीन, म्हणजे आऊटबोर्ड, घ्यावे का, असा प्रश्न उभा राहिला. त्यानंतर जे वाचन, मोजमाप आणि चाचण्या झाल्या त्यांचा हा वृत्तान्त आहे. आऊटबोर्डविषयी जे साहित्य सहज हाती लागते ते बहुतेक हलक्या, वेगवान फायबर बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते, आणि जड, संथ होडीला त्यातले बरेच सल्ले उलटे पडतात. म्हणून थोड्या तपशिलात लिहितो आहे.

पर्याय तीन होते. पहिला, तेच इनबोर्ड इंजिन नवे आणून बसवणे. डिझेलचा खर्च कमी आणि पाण्याखाली फिरून होडी ढकलणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, मोठा, हे त्याचे दोन मोठे गुण. परंतु नळीभोवतीचे लाकूड बदलायचे तर पडाव महिनोन्महिने काठावर राहिला असता, आणि शिवाय उथळ पाण्याची अडचण तशीच उरली असती. ज्या खाडीतून एके काळी राजापूरच्या बंदरापर्यंत गलबते जात, तिच्या वरच्या अंगाला आज इतका गाळ आहे की भरतीची वेळ चुकली तर रिकामा पडावसुद्धा रुततो. तिथे पंखा वर उचलता येणे ही चैन नसून गरज आहे. दुसरा पर्याय लांब दांड्याच्या डिझेल इंजिनाचा होता. ओडिशा, आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशी इंजिने मोठ्या संख्येने चालतात. ती स्वस्त, दणकट आणि उथळ पाण्यात उत्तम असतात. पण त्यांतल्या बहुतेकांना रिव्हर्स नसतो, आणि दीड टन माल घेऊन धक्क्याकडे येणारा पडाव रिव्हर्सविना थांबवणे मला धोक्याचे वाटले. उरला तिसरा पर्याय. पेट्रोलचा खर्च मान्य करून, पावसाळ्यात मशीन काढून घरात ठेवता येईल या सोयीकडे पाहून, आऊटबोर्ड घ्यायचे ठरले.

विक्रेत्यांकडे चौकशी केली तेव्हा पडावाची लांबी ऐकताच सर्वांनी २५ अश्वशक्तीचे मशीन सुचवले. एकाने ४० अश्वशक्तीचेही दर सांगितले. त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. एवढ्या लांबीच्या मासेमारीच्या फायबर होडीला तेवढी ताकद खरोखर लागते, कारण ती होडी वेग घेतल्यावर पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. आमचा पडाव कधीच पाण्यावर चढणार नाही. तो पाणी बाजूला सारतच पुढे जातो, आणि असे करताना स्वतःच्याच लाटेत अडकतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की येथे जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या टाकीतून ओढून या लाटेचा पद्धतशीर अभ्यास केला. होडीचा वेग वाढतो तशी तिने उठवलेली लाट लांब होत जाते. एका विशिष्ट वेगाला लाटेची लांबी होडीच्या पाण्यावरील लांबीएवढी होते, आणि त्यापुढे जायचे तर होडीला स्वतःच्या नाळेपुढची, म्हणजे पुढच्या टोकापुढची, लाट चढून जावे लागते. हा वेग काढण्याची प्रचलित रीत अशी की पाण्यावरील लांबीच्या फुटांचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला १.३४ ने गुणायचे. उत्तर नॉटमध्ये येते. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून आमच्या पडावाची मर्यादा ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर. २५ अश्वशक्ती लावा की ४०, ही भिंत फारशी हलत नाही. फक्त मागची बाजू खाली बसते आणि पेट्रोल संपते.

आता वजन. आऊटबोर्डच्या निवडीत लांबीहून महत्त्वाची गोष्ट वजन आहे आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. पडाव काट्यावर ठेवता येत नाही, पण त्याने बाजूला सारलेले पाणी मोजता येते. भरलेल्या अवस्थेत पाण्याखालच्या भागाची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून, अंग निमुळते असल्यामुळे त्यातला सुमारे ४२ टक्के भाग धरला, खाऱ्या पाण्याची घनता लावली, आणि उत्तर सव्वातीन टनांच्या थोडे वर आले. हा आकडा बराचसा त्या ४२ टक्क्यांच्या अंदाजावर अवलंबून होता, म्हणून दुसऱ्या वाटेने तपासून पाहिला. शांत पाण्यात रिकाम्या पडावाच्या अंगावर खडूने रेषा मारली, सिमेंटची ५० किलोची २० पोती सारख्या अंतराने रचली आणि पुन्हा रेषा मारली. एक टन वजनाने पडाव नऊ सेंटीमीटरांच्या आसपास बुडाला. पाण्याच्या रेषेवरील क्षेत्रफळावरून हिशेबाने जेवढे यायला हवे होते तेवढेच हे होते, तेव्हा मापांवर विश्वास बसला. ज्यांना अशी होडी चालवायची आहे त्यांनी हा पोत्यांचा प्रयोग अवश्य करावा. त्याला अर्धा दिवस आणि चार माणसे लागतात, पण त्यानंतरचा प्रत्येक आकडा त्यावरच उभा असतो.

वजन आणि लांबी हाती आल्यावर लागणारी ताकद काढणे अवघड नाही. नौकाबांधणीत संथ होड्यांसाठी जे सूत्र वापरले जाते त्यात पंख्याच्या शाफ्टवर पोहोचणारी प्रत्येक अश्वशक्ती किती वजन ओढते यावरून वेग निघतो. आमच्या भरलेल्या पडावासाठी ५ नॉटला सुमारे ६ अश्वशक्ती, साडेपाच नॉटला ८, आणि ६.७ नॉटच्या मर्यादेला १४ ते १५ अश्वशक्ती, अशी उत्तरे आली. साडेपाचवरून ६.७ वर जाण्यासाठी, म्हणजे जेमतेम सव्वा नॉटसाठी, ताकद जवळजवळ दुप्पट लागते. खाडीच्या अरुंद जागी उधाणाच्या ओहोटीचा ओढा अडीच नॉटांपर्यंत जाणवतो. त्याविरुद्ध साडेपाच नॉटांनी निघालो तरी जमिनीच्या हिशेबाने ३ नॉट उरतात, आणि आम्हाला तेवढे पुरतात. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी की हे सूत्र पंखा होडीला साजेसा आहे असे गृहीत धरते. पंखा चुकला तर ८ अश्वशक्तीतली किती पाण्यात मुरेल याची काही खात्री नाही. त्यामुळे माझ्या मते निवडीचा क्रमच उलटा असायला हवा: आधी होडीला कोणता पंखा लागेल ते ठरवावे, आणि मग तो पंखा फिरवू शकेल असे मशीन शोधावे.

पंख्याचे दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी म्हणजे व्यास. पंखा एखाद्या घट्ट पदार्थात स्क्रूसारखा शिरला असता तर एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. पाणी घट्ट नसल्यामुळे पंखा प्रत्यक्षात त्याहून कमी पुढे जातो, आणि या तुटीला स्लिप म्हणतात. वेगवान बोटीत स्लिप दहा-पंधरा टक्के असते. पाच-सहा नॉटांनी जाणाऱ्या जड होडीत ती निम्म्याच्या घरात असणे स्वाभाविक आहे. पंख्याचे मिनिटाचे फेरे आणि इंचांतला पिच यांचा गुणाकार करून १२१५ ने भागले की स्लिप नसती तर मिळाला असता तो वेग नॉटमध्ये मिळतो. हा एक भागाकार ज्याला करता येतो त्याला विक्रेत्याच्या कोणत्याही शिफारशीची परीक्षा बसल्या जागी घेता येते.

ती परीक्षा मी २५ अश्वशक्तीच्या शिफारशीवर करून पाहिली. मशीन मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर चालते, खालच्या, पंख्याजवळच्या गिअरमध्ये ते २.०८ पटीने कमी होतात आणि पंख्याला सुमारे २६४० फेरे मिळतात. सोबत मिळणारा पंखा ११ इंच पिचचा असेल तर बिनस्लिपचा वेग जवळजवळ २४ नॉट येतो. साडेपाच नॉटांनी जाणाऱ्या पडावाच्या मागे हा पंखा लावणे म्हणजे पाती कायम चुकीच्या कोनात पाण्यावर आपटत ठेवणे. पाणी मागे ढकलले जाण्याऐवजी घुसळले जाते, मशीनला आपल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि कागदावर २५ असलेली अश्वशक्ती प्रत्यक्षात कधी बाहेरच पडत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही मशीन कमी फेऱ्यांवर कण्हत राहिले की सिलिंडरमध्ये कार्बन धरतो आणि ते तापू लागते. संथ होड्यांवरची पुष्कळ मशीने अकाली जातात त्यामागे हे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते.

मग पिच कमी करावा, हे ओघाने आले. परंतु तेवढ्याने भागत नाही. तेवढीच ताकद वापरून ओढ मिळवायची असेल तर थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे केव्हाही किफायतशीर ठरते, कारण फेकलेल्या पाण्याच्या वेगाबरोबर ओढ सरळ प्रमाणात वाढते, पण त्यात वाया जाणारी ऊर्जा त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साखरी नाट्याचे एक वृद्ध तांडेल आमच्याकडे मशीनची चौकशी ऐकून आले होते, ते म्हणाले, "दादा, भरल्या होडीला रुंद पात्याचं वल्हं लागतं, आणि ते दमानं मारावं लागतं." मी त्यांना विचारले, "चाचा, मग पंखा केवढा घेऊ?" त्यावर त्यांनी दोन्ही हातांचे पंजे पसरून जे अंतर दाखवले ते माझ्या हिशेबापेक्षा इंच-दीड इंचाने मोठेच होते.

मोठा पंखा सावकाश फिरवायचा तर खालचा गिअर अधिक खोल, म्हणजे फेरे अधिक पटीने कमी करणारा, हवा, आणि गिअरची पेटी व तिच्या वरची आडवी प्लेट यांत तेवढ्या व्यासाला जागाही हवी. म्हणूनच साध्या मशीनला नंतर मोठा पंखा बसवता येत नाही. काही कंपन्या या कामासाठी वेगळी मशीने करतात. यामाहाच्या साध्या ९.९ अश्वशक्तीच्या मशीनला गिअर २.०८ चा असतो, तर टी ९.९ या हाय थ्रस्ट, म्हणजे जास्त ओढीच्या, मशीनला २.९२ चा. मर्क्युरीच्या ६० अश्वशक्तीच्या मशीनमध्येही साधे आणि कमांड थ्रस्ट असे दोन प्रकार असून त्यांचे गिअर अनुक्रमे १.८३ आणि २.३३ चे आहेत. मशीनच्या डोक्यातली ताकद दोन्हींकडे सारखीच असते. फरक पाण्याखाली असतो. २.९२ च्या गिअरने ५५०० फेऱ्यांचे सुमारे १८८० होतात. आमचा अपेक्षित वेग साडेपाच नॉट आणि स्लिप निम्म्याहून थोडी जास्त धरली तर बिनस्लिपचा वेग ११ ते १२ नॉट असायला हवा, आणि त्यासाठी पिच साडेसात इंच येतो. तोच हिशेब साध्या गिअरला लावला तर पिच साडेपाच इंचांखाली जातो, आणि व्यास सव्वानऊ इंचांवर अडकतो. इतका छोटा आणि चपटा पंखा फिरेल खरा, पण तो एवढ्या पाण्याला धरू शकणार नाही.

येथे मोठ्या व्यासाचे गुणगान करताना थोडे सावध राहायला हवे. त्याच ताकदीवर जागच्या जागी मिळणारी ओढ व्यासाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. सव्वानऊ इंचांचे पावणेबारा केले तर हिशेबाने फायदा साधारण एक-षष्ठांश होतो. दुप्पट वगैरे काही होत नाही. प्रत्यक्षात फरक याहून मोठा दिसतो तो अन्य दोन कारणांनी: योग्य पिचमुळे मशीन आपल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते, आणि पात्यांचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे प्रत्येक चौरस इंचावर दाब कमी पडून पाणी पात्यांपासून सुटत नाही. हाय थ्रस्ट या नावात काही जादू नाही, आणि किंमत मात्र साध्या मशीनपेक्षा चांगलीच जास्त आहे. शिवाय ते दुकानात उभे मिळत नव्हते, मागवावे लागणार होते. पैसे भरण्याआधी खात्री करून घेणे भाग होते.

त्यासाठी ओळखीच्या एका मच्छीमाराचे साधे ९.९ चे मशीन उसने घेतले आणि तात्पुरत्या फळीवर पडावाला लावले. पडाव लांब दोराने धक्क्याच्या खुंटाला बांधला आणि दोराच्या मध्ये भंगाराच्या व्यापाऱ्याकडचा लटकता काटा अडकवला. दोर लांब हवा, नाहीतर पंख्याने फेकलेले पाणी भिंतीवर आपटून परत येते आणि काटा खोटे सांगतो. पाणी खोल हवे, आणि थ्रॉटल पूर्ण उघडून मशीन फार वेळ ठेवू नये. फेरे मोजण्यासाठी स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो. तो स्वस्त आहे आणि माझ्या मते मशीनच्या खालोखाल महत्त्वाची खरेदी तीच आहे. काटा ८५ किलोच्या आसपास स्थिरावला आणि फेरे ४५०० च्या वर गेले नाहीत. या मशीनला पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ६००० फेरे अपेक्षित असतात. पुढे हाय थ्रस्ट मशीन आल्यावर त्याच खुंटाला, त्याच दोराने, तोच प्रयोग केला, तेव्हा काट्याने ११५ किलो दाखवले. साध्या मशीनला कमी पिचचा पंखा लावला असता तर अंतर थोडे घटले असते हे उघड आहे. तरीही जुना हिशेब आणि नवा काटा यांची दिशा एकच होती.

मशीन कुठे आणि किती खोल बसवायचे हा भाग सुताराचा, आणि तो मला सर्वांत कठीण वाटला. आमच्या पडावाची मागची बाजू निमुळती असल्यामुळे मशीनला सपाट फळीच नाही. मागचा भाग कापून चौकोनी करावा असे एकाने सुचवले, पण मेस्त्रींनी त्याला साफ नकार दिला. मागचा कणा कापला की सगळ्या फळ्यांचा जोर सुटतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते पटण्यासारखे होते. अखेर मागच्या कण्याच्या डाव्या अंगाला सागवानाचे जाड तुकडे आणि आतून-बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या घेऊन एक भक्कम ब्रॅकेट केले. मशीन थोडे बाजूला असल्याने पडाव एका अंगाला वळू पाहतो, पण जुने सुकाणू ठेवलेले असल्यामुळे ते सहज सांभाळता येते. बाजूला बसवल्याचा एक फायदाही झाला. कण्याचे जाड लाकूड पंख्याच्या अगदी पुढे आले असते तर त्यामागचे गढूळलेले पाणी पात्यांवर पडले असते. आता पंख्याला बरेचसे स्वच्छ पाणी मिळते. शाफ्टच्या जुन्या नळीचे भोक मात्र लाकडी खुंटी आणि नवी फळी घालून कायमचे बंद केले.

आऊटबोर्डचे पाय ठराविक लांबीचे येतात: १५, २० आणि २५ इंच. वेगवान बोटीत पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या जेमतेम खाली असली की पुरते, कारण खोल गेलेला पाय पाण्याला अडवतो. पाच नॉटांवर त्या अडवण्याची किंमत नगण्य असते. उलट पंखा वर राहिला तर पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि ओढ नाहीशी होते. याला पुष्कळदा कॅव्हिटेशन म्हटले जाते, पण कॅव्हिटेशनमध्ये पात्यांवरचा दाब घटून पाण्याचीच वाफ होते. येथे वरची हवा आत येते, आणि त्यावर उपाय खोलीचा आहे. मुसाकाजीच्या बाजूला, खाडीच्या मुखाशी, लाटांवर पडावाचे मागचे टोक वर उचलले जाते. रिकाम्या पडावात दोन माणसे पुढे नाळेकडे गेली तरी मागचा भाग चार बोटे वर येतो. म्हणून २५ इंचांचा पाय घेतला आणि रिकाम्या पडावातही प्लेट पाण्याखाली सहा इंच राहील अशी उंची ठरवली. याचा तोटा असा की मशीन वर उचलले तरी ते पूर्ण पाण्याबाहेर येण्यासाठी ब्रॅकेटला वेगळी खाच ठेवावी लागली.

पहिले काही तास मशीन हळूहळू वाढत्या फेऱ्यांवर चालवायचे असते. ते झाल्यावर पंख्यांची खरी चाचणी घेतली. मशीनबरोबर ९ इंच पिचचा पंखा आला होता आणि साडेसात इंचांचा मी वेगळा मागवला होता. भरती पुरी होऊन पाणी उभे राहते त्या वेळात, एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन, फोनवरच्या जीपीएसने वेग घेतला आणि दोन्हींची सरासरी काढली, म्हणजे वारा आणि उरलासुरला ओढा वजा होतो. पूर्ण भरलेल्या पडावात ९ च्या पंख्याने मशीन ४८०० फेऱ्यांवर अडले आणि वेग ५ नॉट मिळाला. साडेसातच्या पंख्याने फेरे ५४०० झाले आणि वेग ५.३ नॉट. कमी पिचच्या पंख्याने वेग वाढतो हे पाहणाऱ्यांपैकी काहींना खरे वाटेना. परंतु मशीनची पूर्ण ताकद जास्त फेऱ्यांवरच बाहेर पडते, तेव्हा त्यात नवल काही नाही. स्लिपचा भागाकार केला तर ९ च्या पंख्याला ५९ टक्के आणि साडेसातच्या पंख्याला ५३ ते ५४ टक्के आली. रिकाम्या पडावात साडेसातच्या पंख्याने ५७०० फेरे आणि ५.९ नॉट मिळाले, म्हणजे रिकामे असतानाही मशीन आपल्या मर्यादेच्या आतच राहते. पंखा निवडताना भरलेल्या होडीचे फेरे पाहावेत आणि रिकाम्या होडीत ते मर्यादेबाहेर जात नाहीत ना एवढे तपासावे, हा क्रम मला योग्य वाटतो. नुसता सर्वाधिक वेग पाहून पंखा ठरवणाऱ्याला या दोन पंख्यांतला फरक ०.३ नॉटांचाच दिसला असता, आणि मशीनवरचा ताण दिसलाच नसता.

रोजच्या कामात मात्र पूर्ण थ्रॉटल लागतच नाही. ४३०० फेऱ्यांच्या आसपास भरलेला पडाव साडेचार नॉटांहून थोडा जास्त जातो आणि तासाला सुमारे २ लिटर पेट्रोल लागते. पूर्ण उघडल्यावर हेच पावणेचार लिटरांच्या घरात जाते. पाऊण नॉटासाठी जवळजवळ दुप्पट पेट्रोल द्यायचे की नाही हा निर्णय आता ओहोटीचे वेळापत्रक पाहून होतो.

रिव्हर्सविषयी थोडे सांगायला हवे, कारण तो निवडीचा एक निकष होता. बहुतेक आऊटबोर्डचा धूर पंख्याच्या मध्यातून मागे बाहेर पडतो. पुढे जाताना हे सोयीचे असते; रिव्हर्समध्ये मात्र तोच धूर पात्यांत ओढला जातो, पंखा पाण्याऐवजी फेस फिरवतो, आणि थांबण्याची ताकद ऐन गरजेच्या वेळी घटते. हाय थ्रस्ट मशीनसाठी असे पंखे मिळतात की रिव्हर्समध्ये धूर पात्यांपर्यंत न जाता आधीच वाटेत बाहेर सुटतो. आमचा साडेसातचा पंखा त्या प्रकारचा आहे. सव्वातीन टन वजन धक्क्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर थांबवता येते. उसन्या मशीनने त्यासाठी बरेच आधीपासून थ्रॉटल सोडावा लागत होता.

देखभालीत दोन गोष्टी या खाडीच्या स्वभावामुळे महत्त्वाच्या ठरल्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. अर्धी भरलेली टाकी दमट हवेत पडून राहिली तर पाणी तळाशी साचून कार्ब्युरेटरमध्ये जाते. म्हणून टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला, आणि काम बंद असेल तेव्हा टाकी रिकामी करून ठेवतो. दुसरी गोष्ट गाळाची. मशीन थंड ठेवणारे पाणी रबरी इम्पेलरने वर खेचले जाते आणि गाळमिश्रित पाणी त्या रबराला कानशीसारखे घासते. मागून पडणारी पाण्याची बारीक धार अशक्त झाली की इम्पेलर बदलायची वेळ आली असे समजावे. आमचा पहिला इम्पेलर एका हंगामातच बदलावा लागला. दिवसाचे काम संपल्यावर गोड्या पाण्याने मशीन धुणे आणि मशीनऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे तुकडे निम्मे झिजले की बदलणे हे तर खाऱ्या पाण्यात सर्वांनाच करावे लागते. यंत्र बदलल्याची नोंद पडावाच्या कागदपत्रांत करून घेणेही राहू देऊ नये. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तपासणीत मशीनचा क्रमांक पाहिला जातो.

९ चा पंखा विकायचा विचार होता, पण तो ठेवला आहे. वरच्या अंगाला खडकांची एक रांग ओहोटीत उघडी पडते आणि ॲल्युमिनियमची पाती तिथे टिकत नाहीत. साडेसातचा पंखा मोडला तर ९ च्या पंख्याने थ्रॉटल तीन-चतुर्थांशाच्या वर न नेता घरी येता येते. त्याच्याबरोबर एक जादा नट, दोन-चार स्प्लिट पिना आणि पाना एवढे सामान मागच्या फळीखालच्या डब्यात कायम असते.